ध्यान शिकविणाऱ्यांनी उन्हाळाही शिकावा

भिवंडी तालुक्यातील अकलोलीस आपण कधी ना कधी गेला असाल. आपण नसाल, तर घरातील कोणी वडीलधारे माणूस गुडघ्यांसाठी किंवा त्वचेच्या विकारासाठी म्हणून तेथे जाऊन आलेले असेल. वज्रेश्वरीचे दर्शन घ्यावे, गणेशपुरीस नित्यानंदस्वामींच्या समाधीपुढे घटकाभर बसावे आणि तानसा नदीच्या काठच्या कुंडांत अंग शेकून घ्यावे, असा हा जुना क्रम. पाण्याला गंधकाचा वास, पायऱ्या निसरड्या, आणि एका हाताने कठडा व दुसऱ्या हाताने मुलाचा किंवा सुनेचा खांदा धरून उतरणारी मंडळी. कोकणात अशा झऱ्यांना ‘उन्हाळे’ म्हणतात. पालघर-ठाण्यापासून राजापूरपर्यंत सह्याद्रीला समांतर अशी त्यांची ओळच आहे. येथे जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेने वर येते. आपल्या गुडघ्यावर पडणारे ऊन पाणी म्हणजे पूर्वी कधी तरी पडून मुरलेला पाऊसच.

हा लेख मात्र गुडघ्यांविषयी नाही, निदान सुरुवातीस तरी नाही. तो आहे ध्यान शिकविणाऱ्यांविषयी. विपश्यनेचे आचार्य असोत, बुद्धविहारात ध्यानवर्ग घेणारे उपासक असोत किंवा रुग्णालयात ‘माइंडफुलनेस’ म्हणजे सजगतेचे वर्ग चालविणारे समुपदेशक असोत, या सर्वांना तापत्या पृथ्वीविषयी, आटत्या पाण्याविषयी काही शिकविले जावे काय, असा प्रश्न गेली काही वर्षे जगभर विचारला जात आहे. ज्येष्ठांच्या आरोग्याशी त्याचा संबंध काय, असे आपणांस वाटेल. तो फार जवळचा आहे. आणि तो समजून घेण्यास अकलोलीसारखेच एक कुंड उपयोगी पडते. फक्त ते बिहारमध्ये आहे आणि गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे.

राजगृह, म्हणजे आजचे राजगीर, तेथेही ऊन पाण्याचे झरे आहेत. पाली ग्रंथांत त्यांचे नाव ‘तपोदा’. विनयपिटकात अशी कथा येते की, मगधाचा राजा बिंबिसार एकदा तेथे स्नानास गेला. कुंडात भिक्षू स्नान करीत होते. राजा अदबीने बाजूला थांबला; आर्यांचे आटोपू द्यावे, मग आपण उतरावे, असा त्याचा विचार. भिक्षूंनी राजाला पाहिलेही होते. पण त्यांचे स्नान अंधार पडेपर्यंत चालले. राजाचे स्नान आटोपले तोवर नगराचे दरवाजे बंद झाले होते. राज्याच्या धन्याला रात्र वेशीबाहेर काढावी लागली. सकाळी तो तसाच, अंगाला लावलेल्या सुगंधी उटीसह, बुद्धांच्या दर्शनास आला. एवढ्या सकाळी कसे, असे विचारल्यावर त्याने घडले ते सांगितले. बुद्धांनी भिक्षूंना बोलावून घेतले आणि मर्यादा न ओळखता स्नान केल्याबद्दल दोष दिला. नियम झाला: भिक्षूने पंधरा दिवसांच्या आत पुन्हा स्नान करू नये.

ही कथा बहुधा राजाच्या नम्रतेसाठी सांगितली जाते. मला तिच्यातील पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. नियम झाला आणि लगेच अडचणी येऊ लागल्या. उन्हाच्या दिवसांत घामाने अंगाची लाही झाली, तेव्हा ग्रीष्माचा शेवटचा दीड महिना आणि पावसाळ्याचा पहिला महिना नियमातून वगळला गेला. मग आजारी भिक्षूला सूट मिळाली. मग श्रमाचे काम करणाऱ्याला, प्रवासातून आलेल्याला, वादळवाऱ्याने धुळीने माखलेल्याला. आणि अवंती-दक्षिणापथ, म्हणजे आपल्या बाजूचा मुलूख, येथील लोकांना स्नानाचे फार महत्त्व, म्हणून तेथील भिक्षूंना रोजच्या स्नानाची कायम मोकळीक देण्यात आली. (रोज सकाळी बंब पेटविणाऱ्या आपल्या आजीला हे कळले असते, तर तिने बुद्धांना मनापासून हात जोडले असते.) सर्वांच्या मालकीच्या पाण्यावर मर्यादा, आणि त्याच वेळी ऋतू, वय, आजार व प्रदेश पाहून त्या मर्यादेला दिलेली सूट, अशी ही रचना आहे. पर्यावरण आणि आरोग्य या दोन गोष्टी तिने वेगळ्या केलेल्या नाहीत.

विनयातील अशी उदाहरणे बरीच आहेत. वर्षावास कशासाठी सुरू झाला? पावसाळ्यात हिंडणारे भिक्षू हिरवे कोंब आणि बारीक जीव तुडवितात, अशी लोकांनी तक्रार केली म्हणून. पाणी गाळण्याचे वस्त्र भिक्षूच्या मोजक्या वस्तूंत मोडते. हिरवळीवर किंवा पाण्यात थुंकू नये, मलमूत्र विसर्जन करू नये, असेही नियम आहेत. आनंदाला मिळालेल्या चीवरांचा प्रसंग तर आपल्या घरातलाच वाटावा. एवढ्या वस्त्रांचे करणार काय, असे उदयन राजाने विचारले. आनंद म्हणाला की, नवी वस्त्रे ज्यांची जुनी झाली त्यांना देऊ. मग जुन्यांचे? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, त्यांची मग जमिनीवरची बैठक, तिचे पायपुसणे, त्याचे फडके, आणि अगदी चिंध्या झाल्या की त्या चिखलात कालवून भिंत लिंपू. लुगड्याची गोधडी आणि गोधडीचे पोतेरे करणाऱ्या पिढीला हे शिकविण्यास कोणी यावयास नको.

मग आज नव्याने शिकविण्याची गरज का भासावी? कारण ध्यान विहारातून बाहेर पडले आणि प्रवासात त्याचे बरेच सामान मागे राहिले. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी शिबिरे घेण्यास आरंभ केला. पुढे इगतपुरीचे धम्मगिरी उभे राहिले आणि दहा दिवसांचे शिबिर मराठी घरांत परिचयाचे झाले. तिकडे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा सजगतेचा कार्यक्रम सुरू केला. त्यातून निघालेली पद्धत आता आपल्या मोबाइलवरही आली आहे. या साऱ्यांचा उपयोग झाला आहे, होतो आहे; ज्यांची झोप उडालेली असते, ज्यांची पाठ वर्षानुवर्षे दुखते, त्यांना विचारावे. परंतु यात भर राहिला तो मनाच्या प्रतिक्रियेवर.

बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. देहाला दुखते, तो पहिला बाण. त्या दुखण्यावर मन चिडते, घाबरते, कुढते, तो दुसरा. शहाणा मनुष्य दुसरा बाण स्वतःस लागू देत नाही. आजचा ध्यानवर्ग हा दुसरा बाण चुकविण्याचे शिक्षण देतो. ते मोलाचेच आहे, कारण म्हातारपणीचे कितीतरी पहिले बाण काढता येण्याजोगे नसतात. झिजलेला सांधा पुन्हा कोवळा होत नाही. पण एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या छताखालच्या सभागृहात बसलेल्या सत्तरीच्या बाईला जी घालमेल होते, ती कोणत्या बाणाची? विहीर आटल्यामुळे सुनेला मैलभर पाण्याला जावे लागते आणि त्या चिंतेने आजोबांना झोप नाही, ती कोणत्या बाणाची? येथे पहिला बाण स्पष्ट दिसतो, तो कोठून आला तेही दिसते, आणि थोडाफार तरी उपसता येतो. शिक्षक केवळ दुसऱ्याविषयी बोलत राहिला, तर तो अर्धेच औषध देतो.

ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांत जोआना मेसी यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. बौद्ध विचाराच्या या अमेरिकन अभ्यासक २०२५ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी निवर्तल्या. १९६०च्या दशकात त्या भारतात राहिल्या होत्या आणि तिबेटी निर्वासितांच्या सहवासात त्यांना बौद्ध मार्गाची ओढ लागली. पुढे श्रीलंकेत ए. टी. अरियरत्ने यांच्या सर्वोदय चळवळीत त्यांनी वर्षभर काढले. तेथे खेड्यातले भिक्षू रस्ता बांधण्याच्या, विहीर खणण्याच्या श्रमदानाला धम्माचे काम मानीत. शिक्षक कसा घडवावा, याचे उदाहरण त्यांना तेथे मिळाले. मेसींनी पुढे ज्या कार्यशाळा बांधल्या आणि शेकडो शिक्षकांना शिकविल्या, त्यांचे चार टप्पे असतात. आधी कृतज्ञता: काय मिळाले आहे त्याची आठवण. मग जगासाठी वाटणारे दुःख मोकळे बोलणे. मग नव्या दृष्टीने पाहणे. आणि शेवटी काही करावयास निघणे. यांतील दुसरा टप्पा हीच त्यांची खरी देणगी. माणसे नदीसाठी, रानासाठी रडतात तेव्हा ती आजारी नसतात, असे त्या सांगत. ज्याच्याशी आपले नाते आहे, त्याच्याचसाठी डोळ्यांत पाणी येते.

अन्यत्रही काम झाले. थायलंडमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस काही भिक्षूंनी जुन्या वृक्षांभोवती काषाय वस्त्र गुंडाळून त्यांना जणू दीक्षा दिली. वस्त्र नेसलेल्या झाडावर कुऱ्हाड उचलणे लाकूडतोड्यांनाही जड गेले. हिमालयातील पन्नासहून अधिक तिबेटी विहारांचे ‘खोरयुग’ नावाचे मंडळ २००९ पासून भिक्षू आणि भिक्षुणींना वने, पाणी, कचरा आणि हवामान यांचे रीतसर शिक्षण देते. व्हिएतनामचे तिक न्यात हान्ह (१९२६–२०२२) यांच्या परंपरेत तर शिक्षक होण्यापूर्वी अन्न, वस्तू आणि प्राणिमात्र यांविषयीचे व्रत घ्यावेच लागते. अमेरिकेत ‘वन अर्थ संघ’ ही संस्था ध्यानसाधकांसाठी असा अभ्यासक्रम चालविते, आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी सजगता व हवामान-कृती यांची सांगड घालणारा आठ आठवड्यांचा कार्यक्रम आखला आहे. यांतील जे इकडे आणावयाचे, ते मात्र चाळणीतून घालूनच आणावे लागेल, आणि ती चाळणी कोणती हे सांगण्यासाठी पुन्हा अकलोलीला यावे लागते.

अकलोलीवरून वाहणारी तानसा नदी वर शहापूर तालुक्यात अडविली आहे. ते धरण १८९२ सालचे. तेव्हापासून ते मुंबईची तहान भागवीत आले आहे. त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो. खाली भिवंडीच्या शेतांवर गोदामे उभी राहिली. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग इगतपुरीवरून भिवंडी तालुक्यातील आमणे येथे येऊन संपतो. त्याचा हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी, नेमका जागतिक पर्यावरणदिनी, खुला झाला. रस्त्यामुळे आजारी माणूस लवकर रुग्णालयात पोहोचतो, हेही खरे, म्हणून त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण ज्याने आयुष्यभर एक भातखाचर, एक ओहोळ आणि एक आंब्याचे झाड पाहिले, त्याला त्याच ओट्यावर बसून आता पत्र्याची भिंत दिसते. ग्लेन अल्ब्रेक्ट या ऑस्ट्रेलियन विचारवंताने कोळशाच्या खाणींनी वेढलेल्या गावकऱ्यांशी बोलताना या व्यथेला ‘सोलास्टॅल्जिया’ असे नाव दिले. परदेशी गेलेल्याला घराची आठवण येते. येथे मनुष्य घरातच असतो आणि घर निघून गेलेले असते.

असे कोणी आजोबा ध्यानवर्गात हे बोलून दाखवितात, तेव्हा शिक्षकाने काय म्हणावे? “सर्व अनित्य आहे, आसक्ती सोडा,” हे उत्तर तयार असते, आणि मला वाटते तेच सर्वांत चुकीचे. अनित्यता म्हणजे ऋतुमानाने पान गळणे. झाड कोणी तोडले, त्याचा निर्णय कोणी घेतला आणि त्याचा लाभ कोणाला झाला, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली पुरता येत नाहीत. त्या आजोबांना आधी ऐकून घेतले पाहिजे. ओहोळ कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, गावातली कोणती विहीर कधीच आटत नसे, कोणत्या झाडाखाली गारवा असे, हे त्यांना विचारले पाहिजे. ही माहिती त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडे नसते, आणि गावाने पाण्याचा आराखडा करावयास घेतला तर ती सोन्याच्या मोलाची ठरते. ऐकणारा मिळाला की दुःख कामाला लागते. शिक्षकाला शिकवावयाचे ते हे.

आणि चाळणीची गोष्ट. महाराष्ट्रात बौद्ध धम्माची आठवण पाण्यापासून वेगळी काढता येत नाही. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. पण त्याआधी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंसह गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या ओंजळीचा हक्क उच्च न्यायालयात कायम होण्यास १९३७ साल उजाडले. ज्यांच्या आजोबांना तळ्याला हात लावू दिला गेला नाही, त्यांच्या नातवंडांपुढे बसून “पाणी जपून वापरा” एवढेच सांगणारा शिक्षक कितीही सौम्य आवाजात बोलला, तरी त्याचे शिक्षण अपुरे आहे. राजगृहाच्या कथेत मर्यादा कोणाला सांगितली गेली ते पाहा. जे कुंडात उतरलेले होते, त्यांना. काठावर थांबलेल्याला नव्हे. शहरात शॉवरखाली उभे राहणाऱ्याला आणि पाड्यावर हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला एकच प्रवचन देता येत नाही. पाश्चात्त्य अभ्यासक्रम आपल्याकडे आणताना हा भेद राखावा लागेल.

मुंबईच्या रानातील कान्हेरीच्या लेण्यांत हा भेद दगडात कोरलेला दिसतो. शंभराहून अधिक लेणी, आणि कितीतरी लेण्यांच्या दाराशी पाण्याचे टाके, ज्याला पोढी म्हणतात. पावसाचे पाणी त्यांत यावे म्हणून खडकात पन्हळी काढलेल्या आहेत. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या दात्यांनी ही लेणी व टाकी कोरविल्याचे लेख तेथे आहेत. ज्याच्याजवळ द्रव्य होते त्याने टाके खोदविले आणि तहानलेल्याने पाणी प्यावे, असा तो व्यवहार होता. आपल्याच तालुक्यात, भिवंडीजवळ लोणाड येथेही बौद्ध लेणे आहे. नातवंडांना घेऊन थंडीच्या दिवसांत तेथे जरूर जावे. गुडघे कुरकुरत असतील, तर त्यांना चढू द्यावे आणि आपण खाली सावलीत बसावे.

आता उन्हाळ्याकडे येऊ. आपल्या वाचकांच्या जिवाशी निगडित असलेला भाग हाच आहे, म्हणून येथे मी थोडा रेंगाळणार आहे.

२००३च्या उन्हाळ्यात युरोपात सत्तर हजारांहून अधिक माणसे उष्णतेने दगावली; त्यांत वृद्धांचीच संख्या मोठी होती. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर लाखोंचा समुदाय जमला असता उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. भक्तीने, श्रद्धेने, शिस्तीने बसलेला मनुष्य उठत नाही. हीच गोष्ट ध्यानाच्या बैठकीलाही लागू आहे, किंबहुना अधिकच, कारण तेथे न हलणे हाच अभ्यास असतो.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण मेंदूला तसा निरोप वेळेवर जात नाही. घाम कमी येतो. मूत्र वाढविणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे, मानसिक विकारांवरील काही औषधे ही उष्णता सोसण्याची शक्ती आणखी घटवितात. किनारपट्टीत तापमान ३७ अंशांवर गेले आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असले, की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. नागपूरकराला ३७ अंश किरकोळ वाटतात. पण ठाणे-भिवंडीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळणारा घाम अंग थंड करीत नाही.

ध्यानात आपण काय शिकतो? संवेदना उठली की तिला साक्षीभावाने पाहावे, लगेच प्रतिक्रिया देऊ नये. मांडी घातल्यावर गुडघ्याला कळ आली, तर हे ठीक. परंतु उष्णतेने डोके जड होणे, मळमळणे, पायांत गोळे येणे, भोवळ येणे, या संवेदना पाहत बसण्याच्या नाहीत. त्या येताच उठून सावलीत जावयाचे असते. पुढची पायरी अधिक कठीण. शरीराचे आतले तापमान ४० अंशांपलीकडे गेले की मनुष्य गोंधळतो, असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा अगदी गप्प होतो. तेव्हा सर्वांआधी बिघडतो तो पाहणाराच. ज्याच्या बळावर साक्षीभाव ठेवावयाचा, ते भानच उरत नाही. शिवाय गप्प झालेला साधक समाधीत आहे असा इतरांचा समज होण्याचा धोका असतो. म्हणून ज्येष्ठांचा वर्ग घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने डोळे मिटून नव्हे, तर उघडे ठेवून बसले पाहिजे. दर काही मिनिटांनी नाव घेऊन एकेकाला हाक मारावी आणि उत्तर ऐकावे. अंग तापलेले आणि बोलणे विस्कळीत, असे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत सावलीत आडवे करून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, मान, काखा व जांघा येथे ओली फडकी ठेवावीत. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. हे एवढे शिक्षण अर्ध्या दिवसात होते. श्वासाचे चाळीस प्रकार शिकविणाऱ्याला ते येत नसेल, तर त्याच्या वर्गाला उन्हाळ्यात जाऊ नये, असे मी स्पष्ट म्हणेन.

वर्गाची वेळ सकाळी लवकरची असावी. चैत्र-वैशाखात भस्त्रिकेसारख्या जोरकस श्वसनक्रिया ज्येष्ठांनी टाळाव्यात, दीर्घ मौन-उपवासाची शिबिरे थंडीसाठी राखावीत आणि शिबिराच्या अर्जात आपली औषधे न लपविता लिहावीत. पाणी किती प्यावे, याचे एकच उत्तर सर्वांना देता येत नाही: हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असणाऱ्यांनी ते आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. ताक, कोकम, मीठ-साखरेचे पाणी हे उत्तम; मात्र रक्तदाबवाल्यांनी मिठाकडे आणि मधुमेह्यांनी साखरेकडे पाहून.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन शब्द. विनयात आणखी एक प्रसंग आहे. अतिसाराने आपल्याच मळात पडून राहिलेल्या एका भिक्षूला बुद्धांनी स्वतः आनंदाच्या मदतीने धुतले, उचलून मंचकावर निजविले, आणि भिक्षूसंघाला सांगितले की, ज्याला माझी सेवा करावयाची असेल, त्याने आजाऱ्याची करावी. स्वतः बुद्धांना वातविकार झाला, तेव्हा उपवान नावाच्या भिक्षूने एका गृहस्थाकडून ऊन पाणी व काकवी मागून आणली, त्यांना ऊन पाण्याने न्हाऊ घातले आणि काकवी कालवून प्यावयास दिली. तेव्हा बरे वाटले. उपवानाला त्या दिवशी ध्यानाला वेळ मिळाला नसेल, आणि त्याची कोणी उणीवही काढली नाही. घरी विस्मरणाच्या आजाराचे माणूस असेल, तर तहान लागली का, असे विचारत बसू नका. त्याला ते सांगता येणार नाही. ठरावीक वेळाने पेला हातातच द्या. लघवीचा रंग गडद झाला तर पाणी कमी पडते आहे असे समजा. पश्चिमेच्या खिडक्या दुपारी झाका, रात्री उघडा. एरवी चालणारा माणूस उन्हाळ्यात अचानक गोंधळला, तर वयाला दोष देण्याआधी अंगाला हात लावून पाहा.

आणि तुमचे स्वतःचे ध्यान राहून जाते म्हणून मनाला लावून घेऊ नका. रात्री लाइट गेल्यावर जो हात न चिडता पंखा हलवितो, त्याला आणखी कोणत्या वर्गाला घालावयाचे?

आपल्या परिसरात ध्यानवर्ग निवडताना शिक्षकाला काही प्रश्न अवश्य विचारा. उन्हाळ्यात वर्गाची वेळ बदलता का? कोणाला भोवळ आली तर काय करता? वर्गात कोणी आपल्या आटलेल्या विहिरीविषयी बोलले, तर त्याला बोलू देता का? शेवटच्या प्रश्नावर जो हसून विषय बदलतो, त्याच्यापेक्षा जो क्षणभर थांबून “बसा, सांगा” म्हणतो तो बरा.

थंडी पडली की अकलोलीस जा. उन्हाळ्याच्या दुपारी आणि तानसेला पूर असताना जाऊ नका. काही झरे नदीपात्रातच आहेत. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, नुकताच झालेला पक्षाघात किंवा उघडी जखम असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी पाण्याचा चटका स्वतःच्या पायाने अजमावू नये. बरोबरच्या माणसाला हात घालून पाहू द्यावा, कारण सगळी कुंडे सारखी ऊन नाहीत. भरल्या पोटी उतरू नये. साबण नेऊ नका. दहा मिनिटे पुरेत. उठताना रक्तदाब उतरतो, तेव्हा आधी पायरीवर बसावे, दोन घोट पाणी प्यावे आणि मग कठडा धरून वर यावे. काठावर कोणी ना कोणी थांबलेले असतेच.